जॉन पोस्टेल : ईमेलला ‘आत्ता नाही’ आणि ‘कधीच नाही’ यातला फरक शिकवणारा माणूस

मेल पाठवला आणि तो आउटबॉक्समध्येच अडकला. थोड्या वेळाने पुन्हा सेंड दाबलं, तर लगेच गेला. संध्याकाळी परत तोच प्रकार. सेटिंग तीच, पासवर्ड तोच, फोनही तोच. नोकरीचा अर्ज पाठवायच्या शेवटच्या दिवशी असं झालं की डोकं फिरतं. पूर्ण बंद पडलेली गोष्ट दुरुस्त करणं त्यामानाने सोपं असतं. कधी चालते, कधी चालत नाही अशी गोष्टच जास्त छळते.

मित्रांनो, तुमचा मेल बाहेर नेणाऱ्या सर्व्हरची भाषा म्हणजे एसएमटीपी. ती १९८२ मध्ये ज्या माणसाने लिहून काढली, त्याने नेटवर्क मध्येच तुटणार हे गृहीतच धरलं होतं. त्यांचं नाव जॉन पोस्टेल. आज त्यांची गोष्ट बघूया. त्यातच मेल का अडकतो आणि अडकल्यावर काय बघायचं, हेही कळेल.

व्हॅन नाइसची शाळा आणि यूसीएलएची लॅब

जोनाथन ब्रूस पोस्टेल यांचा जन्म ६ ऑगस्ट १९४३ रोजी अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना इथे झाला. लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइस हायस्कूलमध्ये ते शिकले. गंमत म्हणजे विंट सर्फ आणि स्टीव्ह क्रॉकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. पुढे इंटरनेटच्या इतिहासात ही तिन्ही नावं पुन्हा पुन्हा एकत्र येतात.

पोस्टेल यांनी यूसीएलए विद्यापीठातून १९६६ मध्ये इंजिनिअरिंगची पदवी घेतली, १९६८ मध्ये मास्टर्स केलं आणि १९७४ मध्ये कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी मिळवली. शिकत असतानाच ते प्राध्यापक लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या लॅबमध्ये काम करायला लागले. याच लॅबमधून २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अर्पानेटवरचा पहिला संदेश गेला. अर्पानेट म्हणजे आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप. लॉगिन हा शब्द टाइप करायचा होता. पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचा कॉम्प्युटर बंद पडला. साधारण तासाभराने पुन्हा प्रयत्न केल्यावर जमलं.

म्हणजे बघा, या नेटवर्कचा पहिलाच संदेश अर्धवट गेला होता, आणि तो नंतर पुन्हा पाठवावा लागला! लॅबमधल्या मुलांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट माहीत होती: तार कधीही तुटेल, पलीकडचं मशीन कधीही झोपेल, आणि तरीही काम झालं पाहिजे.

यादी सांभाळणारा माणूस

नेटवर्क कसं चालायला हवं यावर त्या काळात नियम नव्हते. स्टीव्ह क्रॉकर यांनी एप्रिल १९६९ मध्ये आरएफसी नावाची टिपणं सुरू केली. आरएफसी म्हणजे आपली सूचना लिहायची, सगळ्यांना पाठवायची आणि त्यावर मतं मागवायची. या टिपणांचं संपादन पोस्टेल यांच्याकडे आलं आणि शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं, त्यांच्याकडेच राहिलं.

दुसरं काम आणखी कंटाळवाणं होतं. एका कॉम्प्युटरवर अनेक सेवा चालतात. मेल कुठल्या दारातून जाणार, फाइल कुठल्या दारातून, हे ठरलेलं नसेल तर सगळा गोंधळ. १९७२ मध्ये पोस्टेल यांनी एका छोट्या टिपणात सुचवलं की हे नंबर वाटायला कुणीतरी एकच माणूस असावा. तो माणूस मीच का असं त्यांनी कंसात विचारलंही होतं. कुणी नाही म्हटलं नाही. तेव्हापासून ही यादी त्यांच्याकडे राहिली. आधी ती एका वहीत बसावी इतकीच होती. पुढे त्या कामाला आयएएनए असं नाव पडलं. तुम्ही सेटिंगमध्ये पोर्ट २५ बघितला असेल, तो याच यादीतला एक नंबर.

मार्च १९७७ पासून ते मरीना डेल रे इथल्या आयएसआय या संस्थेत होते. लांब दाढी, पायात सँडल, सुट्टीत सिएरा नेवाडाच्या डोंगरांत पाठीवर बॅग टाकून भटकंती असा हा माणूस. सप्टेंबर १९८१ मध्ये आयपी, आयसीएमपी आणि टीसीपी यांची जी आरएफसी आली, त्यांचे संपादक पोस्टेलच. तुमच्या फोनमधली इंटरनेट वापरणारी ॲप्स आजही आयपीवर चालतात.

टीसीपीच्या मसुद्यात त्यांनी एक सल्ला घातला, तो पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. त्याचा अर्थ असा की आपण पाठवताना नियम काटेकोर पाळायचे, समोरून आलेलं घेताना मात्र थोडं समजून घ्यायचं. वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली मशीन्स एकमेकांशी बोलू शकली, त्यात या वृत्तीचा मोठा वाटा आहे.

१९७५ मध्येच जंक मेलची काळजी

पोस्टेल भाबडे होते असं मात्र नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये त्यांनी जंक मेलच्या अडचणीवर एक पानभर टिपण लिहिलं. तेव्हा नेटवर्कवर जेमतेम काही डझन मशीन्स होती. एखादं मशीन बिघडलं किंवा मुद्दाम नको ते संदेश पाठवत सुटलं, तर समोरच्याला ते नाकारायची सोय हवी, असा त्यांचा मुद्दा होता. आज तुमचा मेल एखाद्या सर्व्हरने नाकारला तर त्यामागे बहुतेक वेळा हीच काळजी असते.

ऑगस्ट १९८२ : आरएफसी ८२१

त्याआधी ईमेल फाइल पाठवायच्या एफटीपी पद्धतीवरच जोडकाम करून चालत असे. सुझॅन स्लायझर यांच्यासोबत १९८० मध्ये पोस्टेल यांनी मेलसाठी वेगळी पद्धत मांडली. तीच घासूनपुसून ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ म्हणून आली. हीच एसएमटीपी.

एसएमटीपी म्हणजे दोन मशीन्समधला साधा संवाद. पाठवणारा आधी हेलो म्हणतो, तेही एक एल कमी करून, कारण कमांड चार अक्षरांची ठेवायची होती. मग मेल कुणाकडून आहे ते सांगतो, कुणाला द्यायचा ते सांगतो, मग मजकूर देतो आणि शेवटी एका ओळीत फक्त एक टिंब टाकतो. प्रत्येक टप्प्यावर समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो.

या तीन आकड्यांत पोस्टेल यांचं डोकं दिसतं. ही कल्पना त्यांनी १९७४ मध्येच एफटीपीसाठी मांडली होती. पहिला आकडा बघितला की पुढे काय करायचं ते कळतं:

- २ ने सुरू होणारा : काम झालं.
- ३ ने सुरू होणारा : इथवर ठीक, पुढचं सांग.
- ४ ने सुरू होणारा : आत्ता जमत नाही, नंतर ये.
- ५ ने सुरू होणारा : जमणार नाही, आहे तसा परत पाठवू नकोस.

४ आणि ५ मधला फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण मेलचं सगळं टिकाऊपण त्यावर उभं आहे. डिस्क भरली, मेलबॉक्स दुसऱ्या कामात अडकला, सर्व्हर बंद होतोय, अशा वेळी उत्तर ४ चं. मग पाठवणारा सर्व्हर मेल टाकून देत नाही. रांगेत ठेवतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. १९८९ मध्ये आयएसआयमधलेच बॉब ब्रेडन यांनी संपादित केलेल्या नियमांत सांगितलं गेलं की दोन प्रयत्नांत साधारण किमान अर्धा तास असावा आणि हार मानण्याआधी किमान चार-पाच दिवस प्रयत्न चालू ठेवावेत. पत्ताच चुकीचा असेल तर मात्र उत्तर ५ चं, आणि मेल लगेच पाठवणाऱ्याकडे परत.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे जबाबदारी. शेवटचं टिंब आल्यावर समोरच्या सर्व्हरने २५० असं उत्तर दिलं की त्या क्षणापासून मेल त्याचा. आता तो पोचवायचा किंवा पोचला नाही हे कळवायचं काम त्याचं. रजिस्टर पत्राची पोचपावती हातात आली की जसं पत्र पोस्टाच्या माथी, तसंच. २५० येईपर्यंत मेलची प्रत पाठवणाऱ्याने जपून ठेवायची. त्यामुळे वाटेत तार तुटली तरी मेल कुणा एकाकडे तरी असतोच.

यातून एक विचित्र प्रकार मात्र घडतो. टिंब पोचलं, समोरच्याने मेल घेतला, पण २५० परत येण्याआधीच कनेक्शन तुटलं. पाठवणाऱ्याला वाटतं, गेला नाही. तो पुन्हा पाठवतो आणि समोरच्याला एकच मेल दोनदा मिळतो. कधी एकाच ऑर्डरचे दोन मेल आले असतील तर त्याचं एक कारण हे असू शकतं. मेल हरवण्यापेक्षा दोनदा पोचलेला बरा, असा हा हिशोब आहे.

मुद्दाम बंद करून बघणं

१ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट जुनी पद्धत सोडून टीसीपी/आयपीवर गेलं. या बदलाचा आराखडा पोस्टेल यांनी लिहिला होता. आराखडा लिहिला म्हणून लोक लगेच कामाला लागतात असं कुठे असतं? तारीख जवळ येत होती आणि बरेच जण निवांत होते. मग १९८२ मध्ये सर्फ आणि पोस्टेल यांनी जुनी पद्धत आधी एक दिवस आणि काही महिन्यांनी दोन दिवस मुद्दाम बंद करून टाकली. ज्यांनी तयारी केली नव्हती त्यांचं नेटवर्क ठप्प झालं आणि कुठे काय राहिलंय ते सगळ्यांना दिसलं.

अधूनमधून होणारा बिघाड शोधायची ही पक्की रीत आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय मोडतं ते बघायचं.

मग आजचा मेल कधी जातो, कधी का जात नाही?

पोस्टेल यांच्या चष्म्यातून बघितलं तर पहिला प्रश्न एकच: सर्व्हरकडून काही आकडा आला का?

आकडाच आला नाही, नुसतं टाइमआउट झालं, तर संवाद सुरूच झालेला नाही. वाटेत कुणीतरी दार बंद केलंय. स्पॅम रोखण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती कनेक्शनवरून पोर्ट २५ बंद ठेवतात. म्हणून हॉस्टेलच्या वायफायवर मेल अडकतो आणि मोबाइल डेटावर जातो, असं होऊ शकतं. यावर उपाय म्हणजे पोर्ट ५८७ किंवा ४६५ वापरणं. व्हीपीएन चालू असेल तर तो बंद करूनही बघा.

चारपैकी एखाद्याच वेळी मेल अडकतो? मोठ्या सेवेच्या एका नावामागे अनेकदा चार-पाच सर्व्हरचे पत्ते असतात. त्यातला एक आजारी असेल तर ज्याच्या नशिबी तो येईल त्याचा मेल अडकतो, बाकीचे म्हणतात आमचं तर चालतंय. आयपीव्ही६ ची वाट बिघडलेली आणि आयपीव्ही४ ची ठीक असेल तरी असंच दिसतं. आम्ही बॅकएंडवाले अशा वेळी नावाऐवजी प्रत्येक पत्त्यावर वेगळं कनेक्शन करून बघतो. दोषी पत्ता सापडतो.

४२१ आला तर बऱ्याचदा तुमच्याकडून एकाच वेळी खूप कनेक्शन्स किंवा खूप मेल जात असतात. ४५० किंवा ४५१ असेल तर कदाचित समोरचा सर्व्हर ओळख नसलेल्या पाहुण्याला मुद्दाम एकदा परत पाठवतोय. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. खरा मेल सर्व्हर थोड्या वेळाने परत येतो, घाईतला स्पॅमवाला सहसा येत नाही. म्हणजे पोस्टेल यांच्या ‘नंतर ये’ या उत्तराचाच गाळणी म्हणून वापर. या दोन्ही प्रकारांत दर सेकंदाला पुन्हा प्रयत्न करणारा कोड लिहू नका. त्याने सर्व्हर आणखी चिडतो. प्रत्येक वेळी थांबायचा वेळ दुप्पट करत जा.

५३५ म्हणजे लॉगिन नाकारलं. ५५० म्हणजे बहुतेक वेळा असा मेलबॉक्सच नाही किंवा धोरणामुळे नकार. इथे शंभरदा सेंड दाबून उपयोग नाही. पासवर्ड, पत्ता किंवा सेटिंग बदलावंच लागेल.

फोनवर हे आकडे सहसा दिसत नाहीत. जीमेलचं ॲप तर स्वतःच्या सर्व्हरशी वेगळ्याच पद्धतीने बोलतं. पण तिथून पुढे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे मेल जातो तो एसएमटीपीनेच. म्हणून मेल परत आला तर ते इंग्रजी पत्र घाबरून डिलीट करू नका. त्यात तीन आकडी कोड शोधा. पहिला आकडा ४ की ५, एवढं कळलं तरी अर्धं काम झालं.

सगळी यादी एकाच माणसाकडे

१९८० च्या दशकात डोमेन नावं आली आणि त्यांची यादीही पोस्टेल यांच्याकडे आली. कुठल्या देशाला कुठलं नाव द्यायचं? कोणता प्रदेश देश आहे हे ठरवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची देशांच्या कोडची यादी आधीच होती, ती त्यांनी वापरली. भारताचं डॉट इन १९८९ मध्ये याच व्यवस्थेत नोंदलं गेलं.

१९९० च्या दशकात इंटरनेटवर पैसा आला आणि चित्र बदललं. डोमेन नावं विकण्याचं काम अमेरिकन सरकारच्या करारानुसार नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडे होतं. मूळ यादीवर शेवटचा शब्द कुणाचा, हा वाद पेटला. २८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांनी एक ईमेल पाठवला. जगभरात पसरलेल्या रूट सर्व्हरपैकी आठ चालवणाऱ्यांना त्यांनी सांगितलं की यापुढे यादी त्या कंपनीच्या मशीनवरून न घेता आयएएनएच्या मशीनवरून घ्या. आठही जणांनी ऐकलं. कायद्याने त्यांच्यावर सक्ती नव्हती. पोस्टेल यांचा शब्द होता, एवढंच कारण.

सामान्य लोकांना काहीच जाणवलं नाही, कारण दोन्हीकडे यादी सारखीच होती. पण व्हाइट हाउसमध्ये खळबळ उडाली. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचे सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी हे तात्काळ मागे घ्यायला लावलं. पोस्टेल यांनी ही एक चाचणी होती असं सांगितलं आणि सगळं पूर्ववत केलं. चाचणी होती की इशारा, यावर आजही चर्चा होते. पण त्यातून एक गोष्ट सगळ्यांना दिसली. तुटलं तरी चालत राहील असं बांधलेल्या या नेटवर्कमध्ये एक जागा अशी होती जिला पर्याय नव्हता, आणि ती जागा म्हणजे एक माणूस होता.

सप्टेंबर १९९८ मध्ये हे काम पुढे नेण्यासाठी आयकॅन ही संस्था स्थापन झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच, १६ ऑक्टोबर १९९८ रोजी, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचं लॉस एंजेलिसमध्ये निधन झालं. वय फक्त ५५. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच शाळेत शिकलेले विंट सर्फ यांनी त्यांच्यावर श्रद्धांजली लिहिली. ती प्रसिद्ध झाली आरएफसी २४६८ म्हणून, म्हणजे ज्या मालिकेचं संपादन पोस्टेल यांनी आयुष्यभर केलं, त्याच मालिकेत. यादीचं काम मात्र थांबलं नाही. नंबर वाटले जात राहिले, मेल जात राहिले.

त्यांच्यानंतर

एसएमटीपीत एक मोठी उणीव होती. पाठवणारा जे नाव सांगेल त्यावर समोरचा विश्वास ठेवायचा. १९८२ मध्ये सगळे एकमेकांना ओळखत होते, त्यामुळे खपून गेलं. पुढे स्पॅमवाल्यांनी याचाच फायदा घेतला. डिसेंबर १९९८ मध्ये, पोस्टेल गेल्यानंतर दोनच महिन्यांनी, वापरकर्त्यांच्या मेलसाठी पोर्ट ५८७ ची वेगळी व्यवस्था मांडली गेली. १९९९ मध्ये एन्क्रिप्शन आणि लॉगिनचे नियम आले. समोरून येईल ते उदारपणे घ्या, हा त्यांचा सल्लाही आज अनेक इंजिनिअरना सरसकट पटत नाही, कारण त्यामुळे चुकीचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षं तसेच चालत राहतात.

४ आणि ५ चा फरक मात्र तसाच आहे. ज्याने २५० म्हटलं त्याची जबाबदारी, हा नियमही तसाच आहे. इंटरनेट सोसायटी १९९९ पासून त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

मेल अडकला तर एवढं करा

१. पुन्हा पुन्हा सेंड दाबू नका. आधी सेंट फोल्डर बघा, नाहीतर समोरच्याला चार प्रती जातील.
२. कोड आला का ते बघा. ४ असेल तर थांबा, ५ असेल तर काहीतरी दुरुस्त करा.
३. कोडच नसेल तर वायफाय, डेटा, व्हीपीएन आणि पोर्ट यातलं एका वेळी एकच बदलून बघा.
४. कधी अडकला, कुठल्या नेटवर्कवर अडकला, याची वेळेसह नोंद ठेवा. चार नोंदी झाल्या की कारण बहुतेक आपोआप दिसतं.
५. अर्जाची शेवटची तारीख असेल तर मेल आदल्या दिवशी पाठवा. ‘नंतर ये’ हे एसएमटीपीचं अगदी रीतसर उत्तर आहे, आणि समोरच्या सर्व्हरला तुमची डेडलाइन माहीत नसते.